वसतिगृह तोडीला निघालं

पिंपळधऱ्याचं वसतिगृह उठून चालायला लागलं, तेव्हा द्वारका सानप स्वयंपाकघरात तुरीची डाळ निवडत बसली होती. ताटातली डाळ एका बाजूला घरंगळली, पळी खुंटीवरून सुटून खाली पडली, आणि खिडकीबाहेरची बाभूळ हळूच मागे गेली. द्वारकानं ताट खाली ठेवलं आणि दारात येऊन पाहिलं.

पायरीखालची जमीन मागे सरकत होती. चार खोल्या, पुढचा व्हरांडा आणि पत्र्याचं स्वयंपाकघर असं सगळं मिळून गाभण म्हशीच्या चालीनं झुलत झुलत पांदीला लागलं होतं. संडास वेगळे बांधलेले होते. ते थोडं अंतर राखून मागून येत होते.

तिला तसं फार नवल वाटलं नाही. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्यापासून इमारतीचं काही ठीक नव्हतंच. दिवाळी झाली तसं गाव दरवर्षीप्रमाणे रिकामं झालं होतं. भांडीकुंडी, कोंबड्या, पांघरुणं ट्रकमध्ये टाकून माणसं ऊसतोडीला कारखान्यांच्या मुलखात गेली, आणि शाळा बुडू नये म्हणून लेकरं मागे राहिली. त्यांच्यासाठीच पुण्यातल्या एका संस्थेनं हे वसतिगृह बांधलं होतं आणि द्वारकाला तिथं अधीक्षिका नेमलं होतं. पण ट्रक गेले त्या दिवसापासून मावळतीच्या भिंतीतून कुरकुर ऐकू यायची. दारं नीट लागत नव्हती. लेकरंही तशीच झाली होती. भरल्या ताटावरून उठून व्हरांड्यात जायची, रस्ता बघून यायची, पुन्हा बसायची, पुन्हा उठायची. लेकरांना रागावता येत होतं. भिंतीला काय बोलणार?

तिनं संस्थेचे सचिव दिगंबर कुर्लेकर यांना फोन लावला.

"सर, वसतिगृह निघालंय."

"कुठं?"

"तोडीला. लेकरांच्या आई-बापामागं."

बँकेतून निवृत्त झालेले, कुणावर कधी आवाज न चढवणारे गृहस्थ होते ते. "मुलं आत आहेत की बाहेर?" त्यांनी विचारलं.

"आत. अभ्यासाचा तास चालू आहे."

"हे बरं झालं. वेग किती?"

"माणूस चालतो तेवढाच."

"द्वारकाताई, यातली अडचण तुमच्या लक्षात आली का? मुलांचं स्थलांतर थांबवणं हा आपल्या संस्थेचा उद्देश. आता मुलं तर वसतिगृहातच आहेत. म्हणजे मुलांनी स्थलांतर केलेलं नाही, वसतिगृहानं केलं आहे. आणि वसतिगृहाचं स्थलांतर थांबवावं असं आपल्या घटनेत कुठंही लिहिलेलं नाही."

"मग मी काय करू?"

"थांबवून बघा. नाहीच थांबलं तर डाव्या बाजूनं चालू द्या. मी बैठक बोलावतो."

द्वारकानं थांबवून बघितलं. पुढच्या कोपऱ्यांखाली धोंडे टाकले, ते इमारतीनं ओलांडले. व्हरांड्याच्या खांबाला जाड दोराचा सोल बांधून तो चिंचेच्या बुंध्याला गुंडाळला. इमारत अडली, घटकाभर उभी राहिली आणि मग सोल तुटला. शेवटी ती पुढे पळत जाऊन रस्त्यात आडवी उभी राहिली आणि बैलाला ओरडतात तसं ओरडली. वसतिगृहानं तिला वळसा घातला. वळसा घालताना व्हरांड्याची पायरी अगदी तिच्या पायाशी आली, तेव्हा ती मुकाट्यानं वर चढली.

असा प्रवास सुरू झाला. दिवसा चालायचं, दिवे लागायच्या सुमारास एखाद्या गावाच्या कडेला बसायचं. मोठ्या पोरी पाणी भरायच्या, स्वयंपाकीण भाकरी थापायची, आणि द्वारका शाळेची कसर भरून काढायला भूमिती, इतिहास, जे समोर येईल ते शिकवायची. वाटेतल्या बायका खिडकीतून भाजी द्यायच्या आणि "कुठली लेकरं?" म्हणून विचारायच्या. इमारत कुठली, असं कुणी विचारलं नाही.

तालुक्याच्या हद्दीवर मात्र निकाळजे नावाच्या नायब तहसीलदारांनी हात दाखवून वसतिगृह थांबवलं. ते अदबीनं थांबलं.

"बाई, हे घर आहे की वाहन?" निकाळजे म्हणाले. "घर असेल तर रस्त्यावरचं अतिक्रमण होतं. मला पाडावं लागेल. वाहन असेल तर नंबर दाखवा."

"नंबर नाही."

"मग घर?"

"साहेब, घर म्हटलं तर पाडणार, वाहन म्हटलं तर जप्त करणार. यात तिसरं काही बसतंय का बघा. आत चाळीसभर लेकरं आहेत."

निकाळजेंनी वसतिगृहाभोवती एक चक्कर मारली. खिडक्यांतून पोरं त्यांच्याकडे बघत होती, आणि उभ्या उभ्यासुद्धा इमारत या पायावरून त्या पायावर व्हावं तशी हलत होती. मागं उभ्या असलेल्या संडासांकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"मिरवणूक म्हणून परवानगी देता येईल," ते म्हणाले. "अंधार पडायच्या आत थांबायचं. वाद्यं वाजवायची नाहीत."

"वाद्यं नाहीत."

"मग जा. आणि ते मागचे फार मागं पडू देऊ नका. मिरवणूक एकत्र असावी लागते."

जसजसे डोंगर मागं पडले आणि पाटाचं पाणी दिसायला लागलं, तसतशी इमारत भरभर चालू लागली, आणि द्वारका व्हरांड्यात यायची बंद झाली. तिचा जन्मच उसाच्या फडातला. तिला बैलगाडीच्या सावलीत चिंध्यांवर टाकून तिच्या आईनं हातात कोयता घेतला होता. पुढं वसतिगृहातली पल्लवी खाडे आज आहे त्या वयाची असताना द्वारका डोक्यावर मोळ्या वाहत होती, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं गेलं. नवऱ्याचं घर सोडून, बाहेरून दहावी करून ती इथवर आली होती. फडात पुन्हा पाय ठेवायचा नाही, एवढं एकच तिनं आयुष्यात स्वतःसाठी ठरवलं होतं.

आणि पल्लवीचं काय? सातवीतली पोर. यंदा तिचा बाप बबन तिला तोडीला न्यायला निघाला होता, कारण धाकटं तान्हं होतं आणि त्याला सांभाळायला कुणी नव्हतं. द्वारकानं भर गावात त्याच्याशी भांडून पोरीला ट्रकमधून खाली ओढलं होतं. आता तीच पोर ती स्वतः त्याच्या दारात नेऊन सोडणार होती. द्वारकाला बसवेना. चालत्या इमारतीत ती या खोलीतून त्या खोलीत चालत राहिली.

दुपारी एका विहिरीपाशी वसतिगृह टेकलं, तेव्हा तिनं पल्लवीच्या हाताला धरलं.

"चल. दप्तर घे. आपण दोघी पुण्याला सरांकडं जाऊ."

"कामून?"

"चल म्हटलं ना."

दोघी रस्ता ओलांडून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. विश्रांती झाल्यावर वसतिगृह उठलं, दोन पावलं चाललं आणि थांबलं. मागचे संडासही थांबले. सगळ्या खिडक्यांत डोकी दिसत होती, पण कुणी हाक मारली नाही. ऊन कलायला लागलं तरी इमारत जागची हलली नाही. नुसती अवघडल्यासारखी उभी होती. हे कुणाला मागं टाकून जाणार नाही, हे तेव्हा द्वारकाच्या ध्यानात आलं. दगडानं आणि सोलानं जे झालं नाही, ते तिच्या नुसतं इथं उभं राहण्यानं होणार होतं.

"ताई, ते आपल्यासाठी थांबलंय," पल्लवी म्हणाली.

"थांबू दे."

"लहानी पोरं रडायलीत."

द्वारकानं एसटीच्या वाटेकडं तोंड फिरवलं.

"ताई, तुमाला भ्या वाटायलंय का?"

"मला कशाचं भ्या?"

पल्लवीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "मला मपल्या आईला बघायचंय. ऊस न्हाई तोडायचा. ह्या दोन येगळ्या गोष्टी हायेत, ताई."

"तुझ्या बापाला कळतात का वेगळ्या?"

"न्हाई. तुमी सांगा की त्याला."

एसटी आली. कंडक्टरनं दार उघडून विचारलं, "बसताय का?" द्वारकानं त्याच्याकडे पाहिलं, पल्लवीकडे पाहिलं. या वयात द्वारकालाही आई हवी होती, ऊस नको होता. तिला कुणी विचारलं असतं, तर तिनंही हेच सांगितलं असतं. पण इतकं नेमकं सांगता आलं नसतं. तिनं मान हलवली आणि एसटी निघून गेली.

मग ती रस्ता ओलांडून वसतिगृहापाशी गेली आणि व्हरांड्याच्या खांबावर हात ठेवून, साहेबांपुढं बाजू मांडावी तशा आवाजात बोलली.

"न्यायचं तर ने. पण लेकरं फडात उतरणार नाहीत. आई-बाप आत येतील. हे कबूल असेल, तरच पाय उचल."

इमारत थोडा वेळ तशीच उभी होती. द्वारका आणि पल्लवी वर चढल्या, तेव्हा ती निघाली.

फड लांबूनच कळला. कारखान्याचं धुराडं दिसायच्या आधी मळीचा वास आला. हिरव्यागार उसाच्या कडेला, उसाच्या पाल्यानं शाकारलेल्या कोप्यांची रांग होती. त्यांच्या शेजारच्या पडीक तुकड्यावर वसतिगृहानं एक चक्कर मारली आणि ते बसलं. बसताना भिंतींतून मोठा श्वास सोडल्यासारखा आवाज आला. माणसं फडातून पळत आली. हातावर पाल्याचे ओरखडे, तोंडं काळी पडलेली.

पोरं बाहेर झेपावली, पण द्वारका दारात हात आडवा लावून उभी होती. "कुणी उतरायचं नाही. तेच येतील वर. पाय धुऊन या हो सगळे!"

माणसं पाय धुऊन आत आली, आपल्याच लेकरांपाशी पाहुण्यासारखी अंग चोरून बसली. पल्लवीची आई सुमन भिंतीला पाठ टेकून बसली. गाव सोडल्यापासून तिला भिंत मिळाली नव्हती. पल्लवीनं तिच्या मांडीवरचं तान्हं घेतलं. काहीतरी बोलावं म्हणून सुमननं तोंड उघडलं, आणि तशीच बसल्या जागी तिला झोप लागली.

सकाळी मुकादम दौलतराव आला. त्याच्यामागं मान खाली घालून बबन उभा होता.

"ही पोरगी मोठी हाय," मुकादम म्हणाला. "मोळ्या बांधायला येईल. टोळीत माणूस कमी हाय."

"ती सातवीत आहे. माणूस कमी असेल तर तुम्ही उतरा फडात."

मुकादमानं पायरीवर पाय ठेवायला उचलला. इमारत जराशी वर उठली आणि पायरी त्याच्या गुडघ्याशी आली. त्यानं पाय आणखी उचलला. पायरी कमरेशी आली. त्यानं पाय खाली ठेवून थोडा विचार केला.

"पायरी लय उच्ची हाय."

"हो."

"काल तर समदे चढले."

"ते लेकरांना भेटायला आले होते."

मुकादम कारखान्यावर सांगतो म्हणून निघून गेला. बबन तिथंच उभा राहिला. त्याच्या खांद्यावर तान्हं होतं, आणि फडात त्याची बायको केव्हाची कोयता चालवत होती.

"ताई, तुमचं पटतंय," तो म्हणाला. "पर ह्याला कुणी सांभाळायचं? मागल्या साली एका बाईचं लेकरू टॅक्टरखाली..." पुढचं त्यानं गिळलं. "पोरगी मागितली ती काय हौसेनं न्हाई मागितली."

द्वारका त्याच्याकडे बघत राहिली. तिची आई तिला चिंध्यांवर टाकून वळली असेल, तेव्हा तिचं तोंडही असंच दिसलं असेल. हे तिच्या मनात पूर्वी कधी आलं नव्हतं.

"त्याला आण आत," ती म्हणाली.

"हितं? हे तर शाळेतल्या पोरांचं..."

"आण म्हटलं ना. बाकीच्यांनाही सांग. सगळी तान्ही आणा."

इमारत पुन्हा खाली टेकली. बबननं वाकून लेकरू व्हरांड्यात ठेवलं.

त्यानंतर वसतिगृहात दिवसभर पाळणे हलू लागले. जवळच्या शाळेच्या बाई येऊन मोठ्या पोरांना आपल्या वर्गात बसवून गेल्या. पल्लवीचं भूमितीचं पुस्तक एका तान्ह्यानं चावलं, म्हणून ती दिवसभर फुगून बसली होती.

अशात एके दिवशी सकाळीच कुर्लेकर गाडी घेऊन आले. द्वारकानं त्यांना व्हरांड्यात बसवून चहा दिला.

"बैठकीत असं ठरलं, की वसतिगृह मूळ जागी परत न्यावं," ते म्हणाले. "कसं न्यावं, यावर मात्र एकमत झालं नाही. म्हणून मी आलो." त्यांनी आत डोकावलं. "ही एवढी लहान मुलं कुणाची?"

"टोळीचीच."

"पण आपली वयोमर्यादा सहापासून पुढं आहे. यांना कुठं बसवायचं?"

"मांडीवर बसवायचं, सर," द्वारका म्हणाली आणि बबनचं पोर तिनं त्यांच्या मांडीवर ठेवलं. आत दुसरं एक रडत होतं, तिला तिकडं जायचं होतं.

कुर्लेकरांनी चहाचा कप दुसऱ्या हातात घेतला. पोरानं त्यांच्या सदऱ्याचं बटण धरलं, थोडा वेळ ओढून पाहिलं आणि त्याला झोप लागली.

बाहेर ट्रॅक्टरवर कोप्या चढवल्या जात होत्या. इथला फड संपला होता आणि टोळी पुढच्या गावाला निघाली होती. व्हरांडा एकदा थरथरला. मोठ्या पोरी सरावानं मांडणीवरची ताटं खाली उतरवू लागल्या. "सर, पाय वर घ्या," पल्लवी म्हणाली. कुर्लेकरांनी पाय वर घेतले. वसतिगृह उठलं, जरा डोललं आणि ट्रॅक्टरच्या मागं रस्त्याला लागलं.

कुर्लेकरांचा ड्रायव्हर शेजारून पळत विचारू लागला, "साहेब, उतरताय ना?"

कुर्लेकरांनी बोट ओठांवर ठेवलं आणि कठड्यावरून वाकून हलक्या आवाजात सांगितलं, "गाडी मागून आण. हॉर्न वाजवू नकोस, लेकरू झोपलंय."