कवडूजींच्या चेहऱ्यांतली चूक

प्रश्न असा आहे: ज्या माणसाला समोरच्याचा चेहरा लाकडात जसाच्या तसा उतरवता येतो, तो माणूस प्रत्येक चेहऱ्यात एक चूक का ठेवतो?

प्रश्न काल्पनिक नाही. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीत आठवडी बाजाराच्या मागच्या गल्लीत, माझ्या घराला लागूनच, कवडूजी राहतात. ते तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करतात. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा भरतो. चाकांवरचा लाकडी बैल दोरीने ओढत मुले घरोघर जातात. घरची मंडळी त्या बैलाला टिळा लावतात आणि मुलाच्या हातावर खाऊ किंवा नाणे ठेवतात. या देण्याला बोजारा म्हणतात. बोजारा न देता नंदीला दारातून परत पाठवलेले मी अद्याप पाहिलेले नाही.

नंदी करणारे पुष्कळ आहेत. कवडूजींचे वेगळेपण असे की ते बैलाच्या मागे, चाकांच्या त्याच पाटीवर, वीतभर उंचीचा धुरकरी उभा करतात. धुरकरी म्हणजे बैल हाकणारा. आणि त्या धुरकऱ्याला ते गावातल्या कोणत्यातरी खऱ्या माणसाचा चेहरा देतात. रंग नाही, केस चिकटवलेले नाहीत. केवळ शिवणीचे लाकूड आणि पटाशी. तरीही नकार देण्यापूर्वी आमच्या तलाठ्यांची एक भुवई जशी वर जाते, तशीच ती त्या लाकडात गेलेली असते.

मी सेवानिवृत्त झालो त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला एक मुलगी मला ओढत माझ्याच दारी आली.

"गुरुजी, हे तुमीच होय ना जी?"

मी चष्मा लावून पाहिले. मीच होतो. चष्म्याच्या भाराने नाकावर पडलेली खूण होती. घंटा होण्याच्या आधी वर्गावर नजर फिरवताना माझे ओठ जसे मिटत, तसे ते मिटलेले होते. सारे काही बरोबर होते. फक्त उजवा कान पळसाच्या पानाएवढा होता. मुलीला बोजारा दिला आणि तिचा नंदी मागून घेऊन मी तडक शेजारी गेलो.

"कवडूजी, माझा कान एवढा मोठा आहे का?"

"नसन जी," ते शांतपणे म्हणाले. "उजेडात या."

'उजेडात या' हे त्यांचे आवडते वाक्य. कोणी उधारी मागायला आले, पत्ता विचारायला आले किंवा लग्नाची पत्रिका द्यायला आले, तरी त्यांचे पहिले उत्तर हेच असते. मला त्यांनी ओट्यावरच्या स्टुलावर बसवले, दोन बोटांनी हनुवटी धरून चेहरा इकडे-तिकडे वळवला आणि चुलीवर चहाचे आधण ठेवले. मग धानाची रोवणी कशी झाली, माझ्या पुण्याच्या मुलाची नोकरी कशी आहे, तिकडे पाणी रोज येते की दिवसाआड, अशी चौकशी झाली. दिवेलागणीला मी घरी परतलो तेव्हा लाकडातला माझा कान माणसाचा झाला होता. पुढच्या वर्षी कान अचूक आला. मात्र हनुवटीला एक खळी होती, जी मला आईने दिलेली नाही.

सर्वांची हीच कथा आहे. भाजी विकणाऱ्या पारबताबाई एकदा भर बाजारातून धुरकरी काखेत मारून आल्या आणि गल्लीच्या तोंडापासूनच सुरू झाल्या.

"काहून रे कवडू, हे माही नथ हाये का बैलाची वेसन? आँ? माह्या नवऱ्यानं पायली तं दोरी बांधीन ना मले!"

"उजेडात या वो माय."

"उजेडातच हावो मी! डोळे तुहे अंधारात हायेत!"

असे म्हणत त्या बसल्या, आणि बाजार उठेपर्यंत बसूनच राहिल्या. त्या दिवशी त्यांची वांगी शेजारणीने विकली.

कवडूजींना नावे लक्षात राहत नाहीत. चेहरे मात्र विसरता येत नाहीत. "कोन रामटेके?" ते विचारतात. "ज्यायच्या डाव्या भुवईत खाच हाये ते, का ज्यायचा खालचा ओठ रुसलेला असते ते?" ओळखपत्रासाठी त्यांचा फोटो काढला तेव्हा त्यांनी तो तहसिलीत परत नेऊन दिला. "हा मी नोहोय जी. मी असा दचकलेला नाई." बाबूंनी समजावले की सगळ्यांचेच फोटो असे येतात. त्यावर कवडूजींनी रांगेतल्या प्रत्येकाचे कार्ड मागून घेऊन तपासले आणि मान्य केले की खरोखरच सगळा तालुका दचकलेला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शाळेत जी रीत मी शिकवली, तीच येथे वापरली. पहिली शक्यता: त्यांची नजर अधू असावी. परंतु सुईत दोरा ते माझ्या आधी ओवतात. दुसरी: हात थरथरत असावा. परंतु नंदीचा चेहरा त्यांच्या हातून कधीच चुकत नाही. बैलाच्या पापणीची सुरकुतीदेखील जागच्या जागी असते. तिसरी: लोकांना चिडवण्याची हौस असावी. परंतु तक्रार ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर खोडकरपणा मला कधी दिसला नाही. दिसले ते एक प्रकारचे समाधान, जणू बोलावलेला पाहुणा वेळेवर आला आहे.

याच सुमारास मला एक गोष्ट आढळली. जे लोक हयात नाहीत, त्यांच्या चेहऱ्यांत चूक नसते. दवाखान्यातल्या कंपाउंडरांचा चेहरा त्यांनी ते वारल्यानंतर केला. त्यांच्या पत्नीने तो हातात घेऊन सर्व बाजूंनी पाहिला आणि पदराखाली घेऊन गेल्या. कोणतीही दुरुस्ती निघाली नाही.

हे माझ्याआधी गावाच्याही लक्षात आले होते, पण गावाने त्यातून भलताच निष्कर्ष काढला. कवडूच्या हातून ज्याचा चेहरा बरोबर आला, त्याची वेळ भरली! तेव्हापासून लोक आपला धुरकरी हातात घेतल्यावर आधी चूक शोधतात आणि सापडली की निःश्वास टाकतात. तहसिलीतल्या एका बाबूंना ती सापडेना. त्यांनी जेवण सोडले, मुलीच्या लग्नाची बोलणी घाईने उरकायला घेतली आणि ज्यांच्याशी वैर होते त्यांना रामराम घालू लागले. शेवटी त्यांच्या पत्नीने गालावरचा तीळ उजवीऐवजी डावीकडे असल्याचे दाखवले. बाबू त्याच पावली कवडूजींकडे तक्रार घेऊन गेले. जाताना ते गुणगुणत होते, असे प्रत्यक्ष पाहणारे सांगतात.

एक चेहरा मात्र कवडूजींनी कधीच केला नव्हता. तो रस्त्याच्या पलीकडे राहतो.

आसारामजी हे कवडूजींचे थोरले भाऊ. दारे, चौकटी, बैलबंड्या यांची सुतारी करणारे, अत्यंत कडक आणि अत्यंत नेमके गृहस्थ. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास या दोघांचीही वाटणी झाली. वाटणीने वाईटपणा आला नव्हता. तो आला एका वाक्याने. अड्याळहून चौकटी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर आसारामजी म्हणाले, "त्याचं सोडा जी. ते पोट्ट्यायचे खेळ हायेत. ती काई सुतारी नोहोय." कवडूजी तेव्हा आत, भावाच्याच घरी, चहा गाळत होते. त्यांनी ऐकले. त्या दिवसापासून दोन्ही भावांची दारे समोरासमोर उघडत आणि समोरासमोर लागत, बोलणे बंद. कवडूजींनी लग्न केले नव्हते. आईवडील गेले होते. म्हणजे जगात त्यांना 'अबे कवड्या' म्हणू शकणारा एकच माणूस उरला होता, आणि तो हाकेच्या अंतरावर गप्प बसला होता.

मी एकदा मध्यस्थीचा प्रयत्न केला. "तुम्हीच का जात नाही?"

"मी गेलो तं दादा दार उघडन जी," कवडूजी म्हणाले. "पन मंग मीच गेलो होतो, असं होईन ना."

"मग त्यांचा चेहरा करा. सगळे येतात, तसे तेही येतील."

त्यांनी पटाशीची धार अंगठ्यावर पाहिली. "चूक ठेवली तं म्हनन, पाहा, सुतारी येत नाई. अन् नाई ठेवली तं..." गावाची समजूत त्यांच्याही कानावर आली होती.

गेल्या तान्ह्या पोळ्याला मी माझ्या ओट्यावर बसून होतो. गल्लीतली एक चिमुरडी आपला नंदी ओढत आसारामजींच्या दारी गेली. त्यांची सून टिळ्याचे ताट घेऊन बाहेर आली, वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"मामाजी," तिने आत सासऱ्यांना हाक मारली, "तुमी आले हा दारावर."

आसारामजी बाहेर आले. तोपर्यंत शेजारच्या बायका जमल्या होत्या. त्या बायकांनी धुरकरी उचलून नाक पाहिले, कान पाहिले, कपाळाच्या आठ्या मोजल्यासारख्या पाहिल्या. चूक सापडेना. एक म्हणाली, "हुबेहूब हाये वो." दुसरीने तिला चिमटा काढला. सुनेने ताट खाली ठेवले. रस्त्याच्या अलीकडे कवडूजी आपल्या दारात उभे होते. त्यांच्या हातात रिकामा चहाचा कप होता आणि तो ते पुसत होते.

आसारामजींनी कोणाकडेही लक्ष दिले नाही. त्यांनी धुरकरी डोळ्यांसमोर धरला, एक डोळा मिटला, मान किंचित कलती केली. चौकट उभी केल्यावर ती ओळंब्यात आहे की नाही हे पाहताना ते जसे करतात, अगदी तसे. मग आत जाऊन गुण्या घेऊन आले. काटकोन पाहण्याचे ते सुतारी साधन त्यांनी स्वतःच्या लाकडी चेहऱ्याला आडवे लावले. मुलगी म्हणाली, "आजोबा, माहा नंदी द्या ना."

"थांब," असे म्हणून आसारामजी, एका हातात गुण्या आणि दुसऱ्या हातात धुरकऱ्यासह अख्खा नंदी घेऊन, रस्ता ओलांडू लागले. मुलगी दोरी धरून मागे.

"अबे कवड्या! डावा डोळा पाव सूत खाली हाये."

सूत म्हणजे सुतारांच्या मापात इंचाचा आठवा भाग. त्याचाही चौथा हिस्सा, शिवणीच्या लाकडात, बोराएवढ्या चेहऱ्यावर. मी नंतर तो धुरकरी भिंग लावून पाहिला. मला काही दिसले नाही.

कवडूजींनी कप खाली ठेवला. "दिसलं, दादा?"

"मले नाई दिसन तं कोनाले दिसन बे?" आसारामजींचा आवाज गल्लीभर गेला. "अन् सांगू नको चुकून झालं म्हनून. उजवा डोळा ज्याले असा जमते, त्याचा डावा चुकत नाई. मुद्दाम ठेवलं हे तुनं. माह्यासाठी."

"हो."

आसारामजींनी हातातल्या नंदीकडे, त्याच्या पापण्यांकडे, पाटीच्या जोडाकडे पाहिले. जोडावरून अंगठा फिरवला. कुठे अडला नाही. "सांधा बरा बसवला," ते मोठ्याने, पण कवडूजींकडे न पाहता म्हणाले. मग स्टुलावर बसले. "कर मंग नीट. पोट्टी थांबून राहिली."

पोट्टीला माझ्या पत्नीने दुप्पट बोजारा देऊन आमच्या अंगणात बसवले. मी मात्र माझ्या ओट्यावरून हललो नाही, कारण निरीक्षण अर्धवट सोडणे योग्य नव्हे. कवडूजी समोर बसले. त्यांनी एकदा दादाच्या चेहऱ्याकडे पाहिले, एकदा लाकडाकडे, पुन्हा चेहऱ्याकडे. पटाशी डाव्या डोळ्याजवळ नेली. आसारामजी सांगत होते की गुडघा धरतो, थोरल्या नातवाचे सुतारीत लक्ष नाही, पावसाळ्यात दारे फुगतात म्हणून लोक उगाच बोल लावतात. कवडूजी 'हो दादा' म्हणत होते आणि पटाशी हळूहळू हलत होती.

पाव सुताची दुरुस्ती म्हणजे सरावलेल्या हाताचे क्षणभराचे काम. ऊन ओट्यावरून उतरून रस्त्यावर गेले तरी ते चालूच होते. मी नीट पाहिले. पटाशी लाकडाला लागतच नव्हती. खाली एकही ढलपी पडली नाही. जन्मभर लाकूड तासलेल्या माणसाला हे समजले नसेल, हे संभवत नाही. आसारामजींनी एकदा ओट्याच्या स्वच्छ फरशीकडे पाहिले, एकदा भावाच्या हाताकडे पाहिले, आणि स्टूल जरा पुढे ओढून सोमवारी लाकूड आणायला तुमसरला कोण कोण जाणार, ते सांगू लागले.

यावरून माझे उत्तर असे: चूक असली की माणूस दुरुस्तीला येतो, आणि दुरुस्तीला वेळ लागतो. कवडूजींना तो वेळ हवा असतो. परंतु एका निरीक्षणावरून सिद्धान्त मांडू नये, हे मीच मुलांना शिकवत आलो आहे, आणि शेजाऱ्याविषयी माझे मत निःपक्षपाती आहे असा माझा दावाही नाही. म्हणून वाचकांना साधी विनंती. मोहाडीला येणे झाले, तर बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा, आपला चेहरा करवून घ्या, चूक दिसली की दुरुस्त करायला सांगा. आणि ते दुरुस्ती करत असताना खाली ढलपी पडते की नाही, ते तुम्ही स्वतः पाहा.