एक वाजताच्या चार पानांची बखर

श्री. सकळ आप्तमंडळींचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे. देवबागचे स्वारीत काय घडले, याविषयी ठाण्याचे आप्तवर्गात नाना वार्ता उठल्या. कोणी म्हणे, दत्तप्रसादजींनी हाती असलेली समुद्रकाठची मेज परक्यास देऊन मुलूख गमाविला. कोणी म्हणे, तसे केले म्हणोनच अब्रू राहिली. आणि जो तो चहाचे पेल्यापाशी बसोन आपणच तेथे हजर असल्यासारखा बोलू लागला. सबब जे जाहले ते कोणाची भीड न धरता लिहितो. मध्ये हसू आल्यास वाचणाराने आवरावे. लिहिणाराने आवरिलेच आहे.

राजश्री दत्तप्रसादजी, मूळ वतन जामसंडे, हल्ली मुक्काम ठाणे, कचेरीत नियोजन खात्याचे अंमलदार, मोठे बंदोबस्ताचे पुरुष. त्यांच्या मातुश्री काशीबाईसाहेब, वय चौऱ्याहत्तर, यांस भाद्रपदात तापाने गाठिले आणि अठरा दिवस इस्पितळी ठेविले. ताप उतरला आणि मग तोंडाची चव गेली ती परतली नाही. चार महिने दोन घास पेज आणि चिमूट लोणचे, याउपर अन्न पोटी जाईना. लुगड्याच्या निऱ्या दोन जास्त पडू लागल्या. आणि वैद्य, डॉक्टर, शेजारीण, सर्वांचे इलाज थकले. एके दिवशी बाईसाहेब सहज बोलिल्या की, माहेरच्या देवबागच्या खाडीच्या तिसऱ्या मिळाल्या तर एखादे वेळी भात जाईल. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या रेतीतले शिंपले. इतके ऐकताच दत्तप्रसादजींनी मोहीम नामजाद केली.

आता या पुरुषाची मोहीम म्हणजे काय सांगावे! तीन आठवडे अगोदर कागद आखिला. रविवार ते बुधवार चार दिवस, प्रत्येक जेवणास निरनिराळी खानावळ, प्रत्येक खानावळीस वेळ, प्रत्येक वेळेस दोन फोन, एक ठरविण्याचा आणि एक ठरविल्याची आठवण देण्याचा. जलक्रीडांचे नावाडी, डॉल्फिन दाखविणारे, छत्रीस बांधोन आभाळात उडविणारे, सर्वांच्या वेळा त्याच कागदी बसविल्या. आणि सर्वांचे शिरोभागी लाल शाईने मंगळवार, दुपारी एक, अनुजाबाईंची खानावळ, चार पाने, तिसऱ्या.

या अनुजाबाई देवबागी घरच्या ओसरीवर बाराच पाने वाढितात. पान आधी सांगावे लागते, सांगितले तितकेच मासे येतात, आणि सांगून न येणारास पुन्हा पान नाही, मग तो कलेक्टर का असेना. सकाळचे ओहोटीस त्यांचे यजमान सत्यवान खाडीत उतरोन तिसऱ्या काढितात. असली खानावळ मिळविणे म्हणजे गड घेणे, हे दत्तप्रसादजी जाणत होते.

दत्तप्रसादजींचे कुटुंब सौभाग्यवती स्वप्नाबाई, यांचे मत विरुद्ध. भूक लागेल तेव्हा दिसेल तेथे जेवावे, सुटीत घड्याळ कशास, अशी त्यांची साधी मसलत. परंतु दरबारात तिची दाद लागली नाही. कन्या सलोनी, वय तेरा, हिचे सर्व चित्त बुधवारचे साडेअकराचे आभाळातल्या फेरीवर. वर्गातील सर्व मुली उडोन आल्या, हीच काय ती भुईवर राहिली होती.

रविवारी दोन वाजता कोंबडी-वडे खाऊन सारी फौज गळ्यापर्यंत भरली असता साडेसातास दुसऱ्या खानावळीत हजेरी होती, म्हणोन तेथे जाऊन पुन्हा कोंबडी-वडे खादले. खादले म्हणजे काय, एकमेकांचे ताटात लोटिले. सोमवारी शिवराक, म्हणजे मासळी वर्ज्य, हा वार कागदात बरोबर धरिला होता. परंतु होडी समुद्रात असता बाराला वीस कमी असे समयी डॉल्फिनांचे एक कुटुंब नुकते वर येऊ लागले, तो बारास भाजी-भाकरीची पाने वाढली जातील म्हणोन दत्तप्रसादजींनी होडी फिरविण्याचे फर्मान दिले. डॉल्फिनांस पाठ दाखवोन फौज वांग्याचे भाजीवर चालोन गेली. सलोनी दिवसभर बापाशी बोलली नाही. चुकी कोणाची, हे सांगणे न लगे.

मग मंगळवार उगवला. न्याहारीस घावणे आले आणि काशीबाईसाहेबांनी ताटली हळूच परती सारिली. स्वप्नाबाईंनी पुसिले, आई, बरे वाटत नाही का? तो बाईसाहेब खाली पाहोन बोलिल्या, "माजो आज उपास आसा गो. अंगारकी." दत्तप्रसादजींचा घास हातीच राहिला. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, पौष वद्य चतुर्थी, मंगळवार, अंगारकी संकष्टी! दिवसभर उपास, चंद्र दिसल्यावर मोदक, मासळीचे नाव नाही. त्या नियोजनाचे महापुरुषाने भरती पाहिली, ओहोटी पाहिली, वारा पाहिला, सोमवार वगळिला, आणि तिथी पाहिली नाही.

दत्तप्रसादजींनी पुसिले की, आई, तुला ठाऊक होते तर बोललीस का नाहीस? तेव्हा मातुश्री म्हणाल्या, "माका ठावक होता रे दत्ता. तू येवढ्या हौशेन सगळा लिवलेलंस. मगे म्हटलंय, कित्याक मोडू?" हे ऐकोन ते उठोन परसात गेले आणि माडापाशी बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. फार वाईट वाटले. कचेरीतले कोणी असते तर ओळखिले नसते.

त्याउपरि खासा दत्तप्रसादजी वकिली करावयास अनुजाबाईंचे दारी गेले. त्या चुलीपाशी होत्या, आणि त्यांचाही उपासच होता. वाटण त्या करीत, मीठ मात्र सत्यवान चाखीत. सारी हकीकत ऐकोन बाई कडाडल्या, "तुमका मोबायलात भरती-ओहोटी दिसता, संकष्टी दिसना नाय? कॅलेंडर काय भिंतीक शोभेक लावतत?" दत्तप्रसादजींनी मान खाली घातली. विनंती केली की आजची तीन पाने खाऊ, परंतु उद्याचे एक पान आईसाठी द्यावे. बुधवारी आमचा निघण्याचा दिवस. बाईंनी जाबसाल केला तो असा: उद्याची बाराही पाने कोल्हापूरकरांस दिली, दिला शब्द मोडवत नाही, आणि बाराचे तेरा करोन कोणाचे पानात अर्धी तिसरी कमी वाढणे हे आमचे घरी कधी जाहले नाही. कोल्हापूरकरांनी आपण होवोन सोडिली तर गोष्ट वेगळी.

एक वाजता तिघे जेविले. मीठ सत्यवानाचे हातचे, म्हणोन अंमळ सढळ पडले होते. काशीबाईसाहेब ओसरीवर न बसता आत जाऊन अनुजाबाईंपाशी बसल्या, आणि दोघी उपाशी बाया नारळ खवीत माहेरच्या गजाली करू लागल्या. बाहेर तिसऱ्यांचा घमघमाट सुटला होता. बाईसाहेबांनी एकदा डोळे मिटोन तो वास घेतला, आणि ते दत्तप्रसादजींनी दारातोन पाहिले. 

कोल्हापूरकर शेजारचेच घरी उतरले होते. सरदार हरिश्चंद्रराव, बारा असामी, पैकी चार तरुण भारी नाराज. कारण आभाळातल्या फेऱ्या दोन दिवस भरलेल्या आणि त्यांस जागा नाही. संध्याकाळी दत्तप्रसादजी तेथे गेले आणि आपले जवळचे सर्वांत मोठे ठाणे पुढे ठेविले: बुधवारी साडेबाराची समुद्रकाठची चौघांची मेज, जी मिळविण्यास त्यांनी एकवीस दिवस फोन धरिला होता. ती घ्यावी आणि चार पाने सोडावी. हरिश्चंद्ररावांनी मिशीवरोन हात फिरविला आणि म्हणाले, "मेज घिऊन काय करू राव? समुद्र काय, वाळूत बसून बी दिसतोय की. पोरास्नी उडायचं हाय." तहाची बोलणी तेथेच खुंटली.

दत्तप्रसादजी माघारे आले आणि पायरीवर बसले. स्वप्नाबाईंनी विचारिले तेव्हा सांगितले. साडेअकराची चार जागांची फेरी मागतील हे त्यांस उमगले होते, परंतु मुलीकडे कोणत्या तोंडाने मागावी? सोमवारी डॉल्फिन घेतले, आता आभाळ घ्यावे? सलोनी आत कान देऊन ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, माझी फेरी देऊन टाका त्यांना. मी पुढच्या वर्षी उडेन. आजी पुढच्या वर्षी जेवेल का?" इतके बोलोन रडावयास लागली, आणि रडता रडता म्हणाली की, डॉल्फिनांचे मात्र मी माफ केलेले नाही. बखरकारास या मुलीचे फार कौतुक वाटते, ते येथे नमूद करितो.

त्याच रात्रौ जेवणापूर्वी तह जाहला. साडेअकराची फेरी आणि साडेबाराची मेज कोल्हापूरकर तरुणांकडे, एक वाजताची चार पाने दत्तप्रसादजींकडे. अनुजाबाईंनी उभय पक्षांस पुसोन खातरजमा केली आणि मान डोलाविली. दत्तप्रसादजींनी तो आखलेला कागद काढिला, पाहिला, तो त्यात आता त्यांचे असे काहीच उरले नव्हते. स्वप्नाबाईंनी त्यावर शेंगदाणे ठेविले आणि सर्वांनी खादले.

बुधवारी सकाळी ओहोटीस सत्यवान खाडीत उतरले. सलोनी काठावर उभी राहोन छत्र्या उडताना पाहात राहिली, आणि काही वेळाने तीही गुडघाभर पाण्यात उतरोन तिसऱ्या वेचू लागली. दुपारी एक वाजता पाने मांडिली. यजमानीण आज उपाशी नव्हती, मीठ तिचेच हातचे. काशीबाईसाहेबांनी पहिला शिंपला उघडिला, तोंडी लाविला. सर्वांचे हात थांबले. दुसरा उघडिला. मग रसा भातावर घेतला, कालविला, आणि मोठा घास केला. चार महिन्यांत एवढा घास कोणी पाहिला नव्हता. तो खाली उतरला. मागोमाग दुसरा, तिसरा, आणि शिंपल्यांची रास ताटाबाहेर वाढत चालली. स्वप्नाबाई पदराने डोळे पुसू लागल्या आणि म्हणाल्या, तिखट फार आहे.

इतक्यात दारी मोटार येऊन उभी राहिली. कुडाळ स्टेशनास नेण्यासाठी दोन वाजता सांगितली होती, ती दोनालाच आली, आणि हाकणाराने कर्णा वाजविला. जे पुरुष रविवारी भरल्या पोटी जेवले, जे सोमवारी डॉल्फिनांस पाठ दाखवोन आले, ते दत्तप्रसादजी खरकट्या हाताने ओसरीचे पायरीवर गेले. ठाण्यास गेल्यापासून त्यांचे तोंडी गावची बोली, जीत आईस आवस म्हणतात, कोणी ऐकिली नव्हती. ते ओरडोन म्हणाले, "थांब रे! आवस जेवता माजी!"

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, पौष वद्य पंचमी, बुधवार, दोन वाजोन सात मिनिटे, मौजे देवबाग, अनुजाबाईंची ओसरी. ते समयी मातुश्री काशीबाईसाहेबांनी रिकामे ताट पुढे सारोन आज्ञा केली की, "गो अनुजा, वायच भात हाड आजून." भात आणिला. फत्ते जाहली.