बाईंची जागा

शेजारच्या व्हायोलिनमास्तरांनी आपली खुर्ची भिंतीला चिकटवून ठेवली आहे, ही बातमी चिमणीने आणली तेव्हा गाण्याच्या बाई तंबोरा लावत होत्या. त्यांचा हात खुंटीवर तसाच राहिला.

"कुठल्या भिंतीला?"

"आपल्या," चिमणी म्हणाली.

चिमणी ही बाईंची लाडकी शिष्या. आवाज बारीक, कान तिखट आणि जिभेला हाड नाही. तिची धाकटी बहीण मास्तरांकडे व्हायोलिन शिकायची. तिला आणायला-सोडायला चिमणी जायची, त्यामुळे पलीकडची खबर अलीकडे यायला उशीर लागत नसे.

आता, आपल्या खोलीत आपली खुर्ची कुठेही ठेवायची माणसाला मुभा असते. पण मास्तर शेजारी राहायला आल्यापासून बाईंच्या मनात पाल चुकचुकतच होती. दोन्ही खोल्या एकाच मालकाच्या, मधे एकच भिंत, आणि तीही अशी की इकडे शिंकावं आणि तिकडच्याने रुमाल काढावा. बाईंची खोली रस्त्याकडची, ऐसपैस, भरपूर उजेडाची. मास्तरांची मागची, कोंदट. मास्तरांकडे मुलं मावत नव्हती. बाईंकडे मावत होती, कारण मुळात ती फार नव्हतीच.

त्याला कारण शिकवण्याची तऱ्हा. बाईंकडे मुलगी आली की आधी नुसता सा. सा स्थिर झाला की पुन्हा सा. कधीतरी रे यायचा, पण तोवर बऱ्याचशा मुली नाचाच्या क्लासला गेलेल्या असायच्या. मास्तरांकडे पहिल्याच आठवड्यात मूल एक धून वाजवून दाखवायचं, आईबाप ती मोबाइलवर घेऊन साऱ्या नातेवाइकांना पाठवायचे. "त्यांच्याकडची पोरं आठवड्यात वाजवतात," बाई म्हणायच्या, "आणि जन्मभर तेवढंच वाजवतात." मास्तर काय म्हणतात ते चिमणीने सांगितलं होतं. बाईंकडे मुली सा लावायला येतात आणि तिथूनच सासरी जातात, असं ते म्हणाले होते म्हणे.

एवढंही बाईंनी पोटात घातलं असतं. पण त्यांच्या खोलीचा करार महिनाअखेर संपत होता. या खोलीत त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. ती हातची गेली तर क्लास संपलाच, कारण घरी शिकवायची सोय नव्हती. घरी यजमान होते आणि यजमानांचा दिवसभर चालणारा टीव्ही होता. खोली गेली तर आपलं गाणं गेलं, ही भीती बाईंना रात्रंदिवस खात होती.

भिंतीला कान लावणाऱ्यांपैकी बाई नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी नुसतं डोकं टेकलं. आता कान डोक्यालाच असतो, त्याला कोण काय करणार? पलीकडे मास्तर फोनवर बोलत होते.

"बाईंची ती जागा मला घ्यायचीच आहे," मास्तर म्हणाले. "झोप उडालीय माझी. नाही रे, विचारलं तर कशाला देतील? गुपचूपच घ्यायची. एकदा हातात बसली की मग सांगू त्यांना."

बाई मटकन खाली बसल्या. तंबोऱ्याला धक्का लागून तो एकटाच वाजला.

बाईंच्या यजमानांनी सारी नोकरी कोर्टात कारकुनी करत काढली होती. घरच्या मांजराने खुर्ची बळकावली तरी ते ताबा, अतिक्रमण अशा शब्दांत बोलत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टीव्हीचा आवाज कमी केला, यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे बाईंना कळलं. "अगं, जागा ज्याच्या ताब्यात त्याची," ते म्हणाले. "तू तिथून हलू नकोस. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत बसून राहा. आवाज करत राहा. तू आत आहेस हे त्याला कळलं पाहिजे."

मग काय, बाई उजाडताच खोलीत हजर होऊ लागल्या. सोबत डबा, पाण्याची बाटली, उशी. शिष्या असो नसो, बाई गात सुटल्या. दाराला त्यांनी दुसरं कुलूप बसवून घेतलं, आणि त्याची किल्ली कुठे ठेवली ते आठवेना म्हणून एक दिवस जिन्यात बसून गायल्या.

पण बाई जितक्या जास्त गाऊ लागल्या, तितके मास्तर जास्त खुलायला लागले. जिन्यात भेटले की हात जोडून विचारायचे, उद्या सकाळीही असाल ना? नेहमीच्याच वेळी ना? एकदा तर घशाला जपा म्हणाले. माझ्या मरणाची वाट बघतोय मेला, असं बाईंनी घरी येऊन सांगितलं. त्यावर यजमान म्हणाले की त्याला मरणाची गरज नाही, तू एक दिवस आजारी पडलीस तरी त्याचं काम होतं. त्या दिवसापासून बाईंनी गार पाणी सोडलं.

चिमणी रोज नवीन काहीतरी आणत होती. मास्तर भिंतीशी डोळे मिटून उभे राहतात. बोटांनी हवेत काहीतरी मोजतात. मधेच भिंतीवर टिचकी मारतात. यजमानांनी याचा अर्थ तत्काळ लावला. भिंत पाडून दोन्ही खोल्या एक करायचा डाव असावा, मापं चालली असावीत. आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. त्या तडक खाली मालकांकडे गेल्या.

मालकांचं तळमजल्यावर चष्म्याचं दुकान होतं. माणूस सरळ, पण गाण्याशी त्यांचा संबंध फक्त वरून जेवढं गळून खाली येई तेवढाच. बाईंचा करार संपत आलाय हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. ते आपोआप तो पुढे चालू ठेवणार होते. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. मास्तरांचा माझ्या जागेवर डोळा आहे, तुम्ही त्यांना समज द्या.

"असं?" मालक चष्मा पुसत म्हणाले. "त्यांना हवीय होय? मला कधी बोलले नाहीत. बघतो विचारून."

ते 'असं?' बाईंना अजिबात आवडलं नाही. पण बाण सुटला होता.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः बाईंच्या खोलीत आले. बूड टेकताच त्यांनी एक मोठा सुस्कारा टाकला.

"विचारलं मी त्यांना. सरळच विचारलं, बाईंची जागा तुम्हाला हवीय का? बाई, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हो. म्हणाले, अशी जागा मिळायला नशीब लागतं. मी म्हटलं, बाईंचं आता वय झालं, त्यांना एवढी मोठी जागा झेपते का? तर म्हणाले, त्यांना सहज झेपते, मलाच झेपेल का याची धास्ती आहे. किती साधा माणूस."

"मग?" बाईंनी विचारलं.

मग मालकांनी आपला बेत सांगितला. इतकी तळमळ आहे तर बिचाऱ्याचं मन कशाला मोडा? बाईंनी मागच्या खोलीत जावं, मास्तरांनी पुढच्या. बाईंच्या मुली तिकडे आरामात मावतील. महिनाअखेरीला अदलाबदल करून टाकू. मास्तरांना ही गोड बातमी द्यायला ते आत्ताच निघाले होते.

मालकांच्या डोक्यातही नव्हतं, ते त्यांच्या डोक्यात आपणच घालून आलो. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, हे बाईंना कळून चुकलं, आणि त्या धोंड्याचा सगळा राग मास्तरांवर निघाला. पदर खोचून त्या मालकांच्याही पुढे पलीकडच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मास्तर भिंतीलगतच्या खुर्चीवर व्हायोलिन घेऊनच बसले होते.

"मास्तर, तुम्ही माझी जागा घेतलीत?"

मास्तर ताडकन उठले. त्यांचे कान लाल झाले.

"कळलं तर तुम्हाला," ते म्हणाले. "घेतली, बाई. आज सकाळीच घेतली. विचारायला हवं होतं, चुकलं माझं. पण अशी जागा मागून कोण देतं? अजून पुरती बसली नाही. शेवटचा हिसका साधत नाही. थांबा, तुम्हीच सांगा कुठे चुकतंय."

आणि त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं.

बाईंच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. जागा म्हणजे गाण्यातली जागा. सुरांचं ते नेमकं, देखणं वळण, जे साधलं की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते. काय जागा घेतलीस ग, असं चिमणीला ऊठसूट म्हणणाऱ्या बाई, आणि ऐन वेळी त्यांनाच चार भिंतींपलीकडची जागा सुचली नव्हती. त्यांना हसू आलं, रडू आलं आणि यजमानांचा भयंकर राग आला.

मास्तर वाजवू लागले. लांब, स्थिर सा. मग तो सा एकदम खाली घसरला, तिथे थोडा कण्हला, अडकला, थरथरला, आणि हिसका देऊन नको तितका वर जाऊन पुन्हा साच्या मांडीवर येऊन बसला.

बाईंना नवीन संशय आला. असलं काही आपण जन्मात गायलेलो नाही. गायलो असतो तर गुरुजींनी तंबोरा काढून घेतला असता.

मास्तरांनी तीच जागा पुन्हा घेतली, आणि त्या कण्हण्यापाशी बाईंचा हात आपोआप खांद्यावर गेला. खांदा रोज सकाळी दुखत असे. बाईंच्या खिडकीची कडी गंजली होती. मालकांना सांगून सांगून जीभ झिजली तरी ती दुरुस्त झाली नव्हती. सकाळी बाई सा लावायच्या तेव्हाच खाली गाड्यांचे भोंगे सुरू व्हायचे. लावलेला सा मोडायचा नाही हा बाईंचा नेम, म्हणून त्या गातच उठायच्या, वाकून खिडकी ओढायच्या, कडी अडकायची, खांदा लावायच्या, आणि कडी बसली की जिवात जीव यायचा. मास्तरांनी ते सगळं, कडीच्या करकरीसकट, व्हायोलिनवर आणलं होतं.

"सारी हयात वाजवण्यात गेली," मास्तर सांगत होते, "पण असलं काही कानावर आलं नाही. रोज वाट बघतो मी सकाळची."

"म्हणजे तुम्हाला पुढची खोली नकोय?" मालकांनी गोंधळून विचारलं.

"खोली? ती घेऊन काय करू? बाई तिथे आणि मी भिंतीच्या अलीकडे, असंच राहू द्या. बाई हलल्या तर मीही सोडून जाईन."

मालकांनी खांदे उडवले. मग प्रश्नच मिटला, बाईंचा करार आहे तसा पुढे चालू, म्हणाले. खरं काय ते बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण 'चालू' हा शब्द ऐकला आणि त्यांनी ते गिळून टाकलं.

"जुनी जागा आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "मी सहसा कुणाला देत नाही."

मास्तरांना भरून आलं. एकदा, फक्त एकदा, समोर बसून ऐकवा, म्हणून ते गळ घालू लागले. एवढं काय आहे ते मीही ऐकतो, असं मालकही म्हणाले. नाही म्हणायला काही उरलं नाही. तिघं बाईंच्या खोलीत आले. बाईंनी तंबोरा घेतला, सा लावला, घसरून पाहिलं. काहीतरी शेळीच्या ओरडण्यासारखं झालं. पुन्हा प्रयत्न केला, आणखीच बिघडलं. आता मास्तरांच्या कपाळाला बारीक आठी पडली, आणि इतके दिवस बाईंच्या डोळ्यांत असलेला संशय प्रथमच मास्तरांच्या डोळ्यांत दिसला.

"ही जागा बसून येत नाही," बाई म्हणाल्या आणि उठल्या. सा न मोडता त्या खिडकीशी गेल्या, वाकल्या, कडी धरली आणि खांदा लावला. जागा अशी पडली की मास्तर उठून उभे राहिले. त्यांनी नुसते हात जोडले.

मालक मात्र बाईंकडे बघतच नव्हते. ते कडीकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा ओशाळला होता.

"बाई, किती दिवस सांगत होतात तुम्ही," ते म्हणाले. "माझ्याकडूनच राहून गेलं. उद्या सकाळी सुतार पाठवतो, नवीन बसवून टाकू."

बाई खिडकीपुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"कडीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "ती आमच्या घराण्यातली आहे."