माया काकूंची वाटी

मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. डोंबिवलीत सेक्रेटरी असणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पाण्याची टाकी, लिफ्ट, वरच्याच्या बाथरूममधून खालच्याच्या डोक्यावर उतरणारी गळती, सगळं मी मार्गी लावलंय. मग पोटच्या पोरीचं वजन म्हणजे काय मोठी गोष्ट? "महिन्याभरात उतरवून दाखवतो!" असं मी नौपाड्याच्या डॉक्टर क्षिप्रांना त्यांच्याच केबिनमध्ये सांगून आलेलो.

आमची सान्वी चौथीत आहे. तिला पाडव्याच्या शोभायात्रेत शाळेच्या लेझीम पथकात नाचायचं होतं. सायकल नको, मोबाइल नको, फक्त लेझीम. बाई म्हणालेल्या, "दम टिकला तर घेते." आणि पोरीचा दम जिन्याच्या दुसऱ्या वळणावरच संपायचा.

"डॉक्टर म्हणाल्यात ना, रोज पळू दे, खेळू दे," माझी बायको समिधा म्हणाली. "खाली सोडू या तिला."

"खाली? पार्किंगमध्ये? अगं, तिथे मी स्वतः बोर्ड लावलाय!"

लावलाच होता. 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे.' नव्या गाडीच्या बॉनेटवर बॉल आपटल्यावर कोण गप्प बसेल?

"मग मैदानात नेऊ."

"तिथे लग्नाचा मांडव पडलाय. तो उठला की सेल लागणार. तू काळजी करू नकोस, माझ्याकडे प्लॅन आहे!"

प्लॅन म्हणजे जिना. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. सान्वीला लिफ्ट बंद! पण पोर उगाच कशाला जिने चढेल? म्हणून रोज संध्याकाळी तिने कोणाकडे तरी वाटीभर कोशिंबीर पोचवायची. पोरीला व्यायाम, शेजाऱ्यांना जीवनसत्त्वं, आणि सेक्रेटरीला पुढच्या निवडणुकीत मतं! मी स्वतःवरच खूश झालेलो.

पहिल्या संध्याकाळी गाजराची कोशिंबीर पहिल्या मजल्यावर माया काकूंकडे गेली. पोरगी बऱ्याच वेळाने वर आली. हातात वेगळीच वाटी, वाटीत शिरा, वर बेदाणे.

"हे काय गं?"

"काकू म्हणाल्या, रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. आपली वाटी त्या घासून देणारेत."

बरोबरच आहे. शिरा मी खाल्ला. पोरीच्या पोटात जायला नको ना! बापाला असे त्याग करावे लागतात. पण आता काकूंची वाटी आमच्याकडे. ती तरी रिकामी कशी धाडणार? दुसऱ्या दिवशी त्यात काकडी गेली, येताना नारळाची वडी आली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या योगिनी वहिनींना कळलं, की सगळं माया काकूंकडेच जातंय. त्या रुसल्या. त्यांच्याकडे बीट पाठवलं. बिल्डिंगभर वाट्या फिरायला लागल्या. मी म्हटलं, फिरू देत! जितक्या वाट्या, तितके जिने!

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मितेशचा फोन. "सेक्रेटरी, जिन्यात छमछम काय चाललंय? माझी ऑफिसची मीटिंग असते यार!"

जाऊन बघतो तर सान्वी जिन्याच्या चौकात लेझीम घेऊन एकटीच नाचतेय. घामाने चिंब, गाल लाल, तोंडाने ताल. काय सुंदर नाचत होती! पण तक्रार ती तक्रार. सेक्रेटरीच्याच पोरीला सूट दिली तर लोक काय म्हणतील? लेझीम मी कपाटावर टाकलं. पोरगी रडली नाही.

"मग मी वाट्याच नेते," एवढंच म्हणाली.

महिन्याने नौपाड्याला गेलो. सान्वी काट्यावर उभी राहिली आणि काटा वर!

"डॉक्टर, काटा बिघडलाय तुमचा!"

क्षिप्रा मॅडम स्वतः काट्यावर चढून उतरल्या. "बिघडला नाहीये. सान्वी, दिवसभर काय काय खातेस बेटा?"

"घरी कोशिंबीर. माया काकू म्हणतात, किती धापा टाकतेस गं, बस आधी. मग शंकरपाळे देतात. योगिनी काकू म्हणतात, घरी नुसतं बीट देतात का गं बाळाला? मग तूप लावून पराठा. आणि मितेशदादा वेफर्स देतो, लेझीम वाजवू नको म्हणून."

म्हणजे अख्खी बिल्डिंग समजत होती, सेक्रेटरी पोरीला उपाशी ठेवतो!

"आणि खेळतेस कुठे?"

"कुठेच नाही. खाली बाबांचा बोर्ड आहे."

क्षिप्रा मॅडमनी तेही कागदावर लिहून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आलो तो थेट मीटिंगच बोलावली. संध्याकाळी तासभर पार्किंग मुलांना मोकळं करा, बोर्ड काढा! सगळे जमले. जमले म्हणजे वडापाव आणि कोल्ड्रिंक्स आलंच.

"हल्लीची पोरं सुटतात ती मोबाइलमुळे," कोणीतरी भरल्या तोंडाने म्हणालं.

"मग खेळू दे ना त्यांना खाली!" मी म्हणालो.

"आणि गाड्या काय डोक्यावर ठेवायच्या?" मितेश म्हणाला. "नियम तुम्हीच केलात ना, सेक्रेटरी?"

हात वर करायला सांगितलं, घरटी एक. एकच हात वर, माझा. माया काकूंचासुद्धा नाही. त्यांच्या हातात वडापाव होता. असा संताप आला! या सगळ्यांना माझी पोर गोड वाटते, तिला भरवताना यांचा जीव भरून येतो, पण एक गाडी तासभर हलवायला सांगा, की झालं!

पाडवा आला. बाईंनी सान्वीला लेझीम पथकात नाही घेतलं. "पण सगळ्यात पुढे उभी करते हं तिला," म्हणाल्या. फडके रोडवर नऊवारी नेसून, नथ घालून माझी पोर सगळ्यांच्या पुढे चालत होती, शाळेच्या बॅनरची काठी धरून. बॅनरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'खेळा, धावा, निरोगी राहा!' मागे पथक नाचत होतं. काठी सोडता येत नव्हती, म्हणून सान्वीचे नुसते पाय तालात हलत होते.

मी फोटो काढला आणि डोळे पुसत सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. बदामांचा पाऊस पडला. मग माया काकूंचा मेसेज आला. "दमलं असेल रे बाळ. श्रीखंड केलंय. संध्याकाळी पाठव तिला."

नाही म्हणणारच होतो हो मी! पण ओट्यावर काकूंची वाटी पडलेली होती. आणि सणासुदीला ती रिकामी कशी पाठवायची, म्हणून समिधा तिच्यात पुरणपोळी ठेवत होती.