सरजाबाईंस तटाच्या आत घेतल्याची हकीकत

श्री. ज्याचे कृपेने थेंबास काठ आला आणि काठास आत-बाहेर आले, त्यास दंडवत घालून लिहितो. शके १६१२ प्रमोदनाम संवत्सरे एका पेशीचे राज्यात प्रसंग गुदरला तो ऐसा.

राज्य पाण्यातले, तट तेलाचा आणि तो दुपदरी. तटाच्या विटा म्हणजे स्निग्धजन, मस्तक पाण्याकडे आणि दोन पाय तेलात. बाहेरचे पदरी कोलीन घराण्याचे लोक, मस्तकी तीन गोंडे मिरवीत. आतले पदरी सेरीन घराण्याच्या बाया, मस्तक लहान, जणू दोन हात पुढे केलेले. सेरीन बाहेर दिसली म्हणजे राज्य मेले, ऐसा सर्वत्र संकेत. मग महाभक्षक येऊन तटासकट गिळी. म्हणोन दरवाज्यावर रखमाजी नाईक होते आणि चौकट सावरावयास त्यांचे कुटुंब गोदूबाई. दरवाज्याची रीत ऐशी की एटीपी नामे शिदोरी खाऊन बाहेरचे अंगी उघडावे, आलेल्याचे मस्तक आडवा दगड बसविलेल्या कोनाड्यात लावून पाहावे, बसले तरच फिरावे आणि त्यास आतले पदरी न्यावे. पाय पाहू नयेत, ते तेलातूनच सरकतात आणि सर्वांचे सारखेच.

त्या वर्षी तटास हादरा बसला आणि सेरीन बाया बाहेर फेकल्या गेल्या. नाईक एकेकीस आत घेत गेले आणि शेवटी चौघी उरल्या, त्यांत सरजाबाई. ते समयी कारभारी बापूजीपंत येऊन बोलिले, "नाईक, हे काय मुंगीचे चालीने चालविले? कोनाड्यातला आडवा दगड काढा, वाट रुंद होईल." नाईक घाबरे जाहले होते, त्यांनी दगड काढिला. आणि लागलीच कोलीनांची झुंबड उसळली, गोंड्यांसकट मस्तके बसो लागली, दरवाजा गरगरा फिरो लागला, शिदोरी सरत चालली आणि चौघी मागेच रेटल्या गेल्या. पंत हर्षे म्हणाले, "पाहिलात वेग?"

गोदूबाई म्हणाल्या, "वेग पाहिला हो पंत, सेरीन किती आल्या ते सांगा. या गोंडेवाल्यांस बाहेर काय काटे टोचत होते?"

इतक्यात महाभक्षक तटाशी आला आणि जिभेने चाचपीत चाचपीत पुढे सरकला. सरजाबाईंनी हाक दिली, "नाईकदादा, आम्हांपायी अवघे राज्य जाईल हो!"

मग नाईकांनी पंतांस विचारिले नाही. आडवा दगड उचलिला आणि जागी बसविला. पुढचा कोलीन कुरकुरला, "आत्ता माझा भाऊ गेला, मग मीच का नाही?" नाईक म्हणाले, "तो गेला ती माझी चूक, बाबा. तुझे गोंडे अडतात. मागे हो." त्याने तीनदा मस्तक लाविले, दरवाजा तसूभर हालला नाही. पंत हात चोळू लागले आणि गोदूबाईंनी चौकट घट्ट धरून ओवी म्हटली,

ये गं माझ्या सये, माथा टेक कोनाड्यात
पाय तेलाच्या वाटेत, राहू देत.

त्या सुराचे मागे एक आली, दुसरी आली, आणि सरजाबाईंनी तिसरीस पुढे ढकलिले, "तू हो आधी." मग त्यांनी मस्तक टेकिले, दोन्ही हात दगडाच्या खाचांत बसले आणि दगडाने त्यांस माहेरच्या माणसासारखे धरिले. उरली शिदोरी लागली, दरवाजा फिरला, आणि पाय तेलातून अलगद मागोमाग आले. त्याच जागी महाभक्षकाची जीभ पडली. जिभेस गोंडेच लागले. "जिते आहे," ऐसे बोलून तो चालता जाहला.

तात्पर्य, राज्य वाचले. पंतांनी त्या दरवाज्याकडे पुन्हा बोट दाखविले नाही. कोलीन अद्याप रोज येतात, मस्तक लावून पाहतात आणि हसत परततात. नाईकही हसतात, पण दगड हलवीत नाहीत. जैसे घडले तैसे लिहिले.