परशुअण्णांची सांधणी

अमावस्येला आमच्या वडगावात माग बंद असतात. त्या दिवशी परशुअण्णा अंघोळ करून कॉम्प्युटरला हळदकुंकू लावतात, उदबत्ती ओवाळतात आणि डिफ्रॅग सुरू करतात. ते संपेपर्यंत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, माऊसला शिवायचं तर नाहीच. एकदा मांजर कीबोर्डवरून चालत गेलं, तर त्याचं दूध बंद झालं!

अण्णा माझे शेजारी. निम्मा जन्म मागावर गेला, मग साडीच्या काठांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायला शिकले. त्या क्लासातच त्यांनी पहिल्यांदा डिफ्रॅग पाहिलं. डिस्कवर फाइलींचे तुकडे इकडंतिकडं पडले की पडद्यावर लाल रेघा दिसायच्या; ते एकाजागी आले की निळा सलग पट्टा. विणकराच्या डोळ्याला त्या लाल रेघा म्हणजे सुताच्या तुटलेल्या तारा वाटल्या.

"तार तुटली की सांधायची रं. माग असू दे न्हायतर ह्ये."

झालं! डिफ्रॅगची सांधणी झाली आणि ती सगळ्या दुखण्यांवर लागू पडली. प्रिंटर अडकला, सांधणी. लाइट जाऊन आली, सांधणी. गुडघा धरला की म्हणायचे, "माझीबी एकदा लावाय पायजे."

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे शहापुरात. गिऱ्हाइकांनी डोकं खाल्लं तरी मी हसतो, पण अण्णांपुढं मी हात टेकले. कारण जुनं मशीन बसलं आणि थोरल्या मुलानं बेंगळुरूहून नवं पाठवलं. त्यात फिरणारी डिस्कच नाही. सांधणीची गरज नाही, उलट उगाच लिहून-पुसून आतली चिप झिजते. हे किती वेळा सांगितलं! अण्णांनी कुठून तरी रंगीत चौकोन दाखवणारं सॉफ्टवेअर मिळवलं आणि अमावस्येची वाट न बघता रोजच सुरू केलं.

"दोघं पोरं गणपतीला यायची हाईत," म्हणायचे. "सगळ्या वर्सांचे व्हिडिओ टीव्हीवर लावणार हाय. मधीच अडाकलं न्हाय पायजे."

थोरला बेंगळुरूला, धाकटा पुण्याला. त्यांची बायको, आमच्या आक्का, गेल्यापासून घरात अण्णा एकटे. पोरांच्या चुली कधीच वेगळ्या झाल्या, पण गणपती मात्र वडगावातल्या घरातच बसायचा, दोघांचा मिळून एक. वर्षातून तेवढेच दिवस त्या घरात माणसांचा आवाज असायचा.

यंदा गणपतीच्या आधीच्या अमावस्येला मी त्यांच्याकडं गेलो. मखर धुऊन पुसून ठेवलं होतं. अण्णा पडद्यासमोर बसले होते, पण सांधणी चालू नव्हती. मला वाटलं, आज पटलं बुवा एकदाचं! लोखंड गरम आहे म्हणून मी बसलो समजवायला.

"अण्णा, जुन्या डिस्कवर एक सुई फिरायची. तुकडे लांब लांब असले की तिला पळावं लागायचं, म्हणून मशीन रखडायचं. म्हणून सांधणी. ह्यात सुईच न्हाय. तुकडा ह्या टोकाला असू दे न्हायतर त्या टोकाला, सापडायला वेळ तेवढाच. आणि जुनी डिस्क असली तरी आता मशीन स्वतःच बघून घेतंय. आपण काय करायला नको."

"म्हंजे लांब-जवळ काय न्हाय?"

"काय न्हाय."

"एकाजागी यायची गरज न्हाय?"

"अजिबात न्हाय," मी खुशीत म्हणालो. मेलं माझं तोंड!

अण्णा मखराकडं वळले.

"सकाळी थोरल्याचा फोन आलता. ह्येच सांगालता. म्हणाला, अण्णा, आता लांब-जवळ काय ऱ्हायलं न्हाय. त्यो तिकडंच बसवणार हाय गणपती. धाकट्यानंबी पुण्यात मूर्ती सांगितल्या. आरतीला व्हिडिओ कॉल लावतो म्हणालेत दोघंबी." मग हळूच म्हणाले, "तूबी तेच सांगालास. म्हंजे खरंच असणार. मग म्या काय करू रं हितं बसून?"

मी माऊस त्यांच्याकडं सरकवला.

"अण्णा, लावा सांधणी," मी म्हणालो.

"झिजतंय म्हणालतास न्हवं?"

"झिजू दे. लावा."

त्यांनी उदबत्ती पेटवली, मशीनला ओवाळली आणि माऊस धरला. आम्ही दोघं बघत बसलो. लाल चौकोन एकेक करून सरकत होते, निळ्याला जाऊन चिकटत होते. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तेवढाच आवाज.

शेवटचा लाल चौकोन गेला तसा अण्णांनी पडद्यावर हात ठेवला.

"बघ," म्हणाले, "आली सगळी एकाजागी."

माझ्यानं बघवलं नाही.