आजी-आजोबा स्वच्छ धुवून आणावेत

"सर, हा मेसेज आहे की कादंबरी?" मोठ्या बाईंनी फोन ऑस्कर सरांसमोर धरला. "पालक हे वाचतील? फोनवर दोनदा बोट सरकवलं की संपायला हवं. कापा, कापा!"

ऑस्कर तुस्कानो सरांच्या काळजात कळ आली. आगाशीच्या त्या लहानशा मराठी प्राथमिक शाळेची महिन्याची खबरबात लिहायचं काम बारा वर्षं त्यांच्याकडे होतं. ते मराठीचे शिक्षक. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांना भातात खडा लागल्यासारखं व्हायचं. या वेळी त्यांनी जीव ओतून लिहिलं होतं. शनिवारचा 'टाकाऊतून टिकाऊ' उपक्रम, त्यापुढच्या शनिवारचा आजी-आजोबा दिवस आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिलीचे प्रवेश. पहिलीत आतापर्यंत नऊच नावं आली होती. वीस झाली नाहीत तर वर्ग बंद होणार होता, आणि वर्ग बंद झाला की एक शिक्षक अतिरिक्त ठरणार होता. तो शिक्षक कोण, हे शाळेत कुणी बोलत नसे, पण चहाच्या वेळी सगळे सरांना बिस्किट जरा आग्रहानं द्यायचे.

शुक्रवारची शाळा सुटत आली होती. ईस्टरआधीचा उपवासकाळ असल्यामुळे सहा वाजता पापडीला चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना होती आणि गायनवृंदात सरांचा आवाज लागायचा. दुसरीतली त्यांची लेक टिफनी दप्तर पाठीला लावून स्कूटरवर जाऊन बसलीसुद्धा होती आणि हॉर्न वाजवत होती. सरांनी उभ्याउभ्याच अंगठ्यानं मजकूर कापला. एक वाक्य इथून उडवलं, एक तिथून. उरलेलं जोडलं, खाली 'मुख्याध्यापिका, उन्नती चुरी' असं नाव घातलं, नऊ वर्गांच्या नऊ ग्रुपवर पाठवलं आणि फोन गप्प करून खिशात टाकला.

क्रुसाची वाट चौदा टप्प्यांची. सर चर्चबाहेर आले तेव्हा साडेसात वाजले होते आणि फोनवर दोनशे बारा मेसेज होते.

"अरे वा," सर बायकोला म्हणाले, "सुझान, बघ. पहिल्यांदाच लोकांनी वाचलंय."

सुझाननं फोन घेतला. वाचता वाचता तिनं एका हातानं तोंडावर पदर धरला. मग फोन परत दिला. सरांनी स्वतःच पाठवलेला मजकूर वाचला.

'उद्या शनिवारी सकाळी नऊ वाजता शाळेत टाकाऊतून टिकाऊ हा उपक्रम आहे. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील आजी-आजोबा आणावेत. आणण्यापूर्वी स्वच्छ धुवून, पुसून घ्यावेत. गंजलेले किंवा अणकुचीदार आणू नयेत. प्रत्येकावर नाव व इयत्तेची चिठ्ठी चिकटवावी. जे परत न्यायचे नसतील ते शाळेतच ठेवावेत, भंगारवाले घेऊन जातील. पुढील शनिवारी नातवंडे आजी-आजोबांना हार घालतील.'

सरांना चर्चच्या पायरीवर बसावं लागलं. कापाकापीत दोन बातम्यांची धडं एकमेकांना चिकटली होती.

ग्रुपवर पालकांनी तोपर्यंत गंभीरपणे चर्चा चालवली होती. 'दोन्ही आज्या आणल्या तर चालतील का?' 'आमचे आजोबा गावी आहेत, शेजारचे आणू का?' 'गंजलेले म्हणजे गुडघे धरायचे का, टीचर?' चौथीतल्या संग्रामच्या आईनं, लतिकाताईंनी, तर विचारलं होतं, 'अणकुचीदार म्हणजे जिभेने का? मग आमच्या सासूबाईंचं काय करायचं?' मग त्यांच्या लक्षात आलं होतं की सासूबाईसुद्धा त्याच ग्रुपवर आहेत. त्यापुढचे तीस मेसेज त्या दोघींचेच होते.

मेसेज पुसून काही उपयोग नव्हता. त्याचे फोटो केव्हाच बोळिंजच्या सोसायट्यांमध्ये फिरत होते. सरांनी घाम पुसत खुलासा लिहिला, 'वरील संदेशात जिथे जिथे आजी-आजोबा असा उल्लेख आहे, तिथे तिथे जुन्या वस्तू असे वाचावे. क्षमस्व.' आणि पाठवून दिला.

"आता शेवटचं वाक्य वाच," सुझान हळूच म्हणाली.

पुढील शनिवारी नातवंडं जुन्या वस्तूंना हार घालणार होती.

पाचच मिनिटांत मोठ्या बाईंचा फोन आला. "सर! आधी आजी-आजोबांना भंगारात काढलंत, आता त्यांना जुन्या वस्तू म्हणताय? आणि खाली नाव माझं! माझ्या मामेसासऱ्यांनी मला फोन करून विचारलं, 'उन्नती, मला कुठल्या गोणीत घालणार?'"

"बाई, चूक माझी—"

"ते बोळिंजचे परुळेकर आजोबा उद्या येतायत. एकटे नाही, सगळ्या ज्येष्ठांना घेऊन. म्हणतायत, नातवंडांचे दाखले काढून नेणार. सर, आपल्याकडे नऊ नावं आहेत. उद्या उणे वीस होतील!"

घरी आई ओटीवर बसली होती. आग्नेसबाईंकडे स्मार्टफोन नव्हता, पण चर्चमधून त्या शेजारणीबरोबर आधीच घरी पोचल्या होत्या आणि वाटेत शेजारणीनं सगळं वाचून दाखवलं होतं. सरांना पाहताच त्या उठल्या आणि आत जाऊन साबणाची वडी घेऊन आल्या.

"घे. मला धुवून नेशील की तशीच?"

"आई, अगं चुकून झालं."

"चुकून? बारा वर्षं माझ्या पत्रातली वेलांटी सुधारतोस. टिफनीला विचार, तिनं सांगितलंय, आजी, नवीन लुगडं नेस, तुझ्यावर चिठ्ठी चिकटवायचीय."

शनिवारी सकाळी सर स्कूटरवरून शाळेकडे निघाले. पुढे टिफनी उभी होती, मागे आई बसली होती. तिच्या खांद्यावर टिफनीनं चिकटवलेली चिठ्ठी वाऱ्यानं फडफडत होती, 'आग्नेस तुस्कानो, दुसरी अ.'

शाळेच्या फाटकापाशी एकतीस ज्येष्ठ नागरिक रांगेत उभे होते. पुढे श्रीरंग परुळेकर. मंत्रालयात बत्तीस वर्षं दुसऱ्यांची टिपणं तपासून निवृत्त झालेला माणूस. पांढऱ्या सदऱ्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली होती, 'श्रीरंग परुळेकर. नात अनुष्का, तिसरी ब. सद्यःस्थिती: चालू.' मागच्या आजोबांच्या चिठ्ठीवर 'अंशतः चालू' असं होतं. एका आजींनी नुसतंच 'हात लावू नये' असं लिहिलं होतं.

मोठ्या बाई फाटकाच्या आत उभ्या होत्या, चेहरा खडूसारखा. तेवढ्यात बालवाडीतला एक पोरगा आपल्या आजीचा हात ओढत रांग मोडून पुढे आला आणि बाईंना म्हणाला, "बाई, ही धुतलीय. मागच्या साईडनं पण."

रांगेत कुणीतरी खोकलं. परुळेकरांनी मागे वळून पाहिलं तसा खोकला थांबला. त्यांनी खिशातून कागद काढला.

"मुख्याध्यापिकाबाई, आपल्या संदेशात एकूण पाच गंभीर बाबी आहेत. बाब पहिली, आम्हाला टाकाऊ ठरवलं. बाब दुसरी, आमच्या अंघोळीबद्दल संशय. बाब तिसरी—"

ऑस्कर सर पुढे झाले. "काका, तो मेसेज बाईंनी नाही, मी लिहिला. नाव त्यांचं आहे, पण चूक सगळी माझी आहे. जो काही राग असेल तो माझ्यावर काढा. मुलांचे दाखले मात्र काढू नका."

परुळेकरांनी चष्मा खाली सरकवून त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही शाळेत काय शिकवता?"

सरांनी खाली पाहिलं. "मराठी."

मग मागून हसण्याचा फवारा उडाला. हसल्या होत्या आग्नेसबाई. कालपासून धरून ठेवलेलं हसू त्यांना आता आवरेना. त्यांना पाहून 'हात लावू नये' वाल्या आजी हसल्या, मग 'अंशतः चालू' आजोबा, आणि मग रांगच्या रांग. परुळेकर तेवढे गंभीर राहिले, पण त्यांचा कागद हलायला लागला होता.

"आता आलाच आहात तर चहा घ्या," मोठ्या बाईंनी संधी साधली.

चहा सभागृहात होता आणि सभागृहात मुलांनी आणलेल्या खऱ्याखुऱ्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या. सर मुलांना तुटक्या छत्रीच्या कापडाची पिशवी करायला शिकवत होते. ते पाहून एका आजोबांना राहवेना. "अहो, ही एक तार बसवली तर छत्री चालेल की! कापताय कशाला?" दुसऱ्यांनी स्टोव्ह ओढून घेतला, पिन मागितली. आजींनी गोधड्यांच्या चिंध्या घेऊन पोरींना टाके घालायला बसवलं. आग्नेसबाईंनी माडाच्या झावळ्यांचा झाडू बांधून दाखवला आणि सरांनी बांधलेला सगळ्यांसमोर सोडला. परुळेकरांनी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला घेतलं. तासाभरानं ते चालू झालं, पण उलटं, आणि टेबलावर दोन स्क्रू उरले.

"हे बाहेरचे असतील," परुळेकर म्हणाले आणि कुणी काही म्हणायच्या आत स्क्रू खिशात टाकले.

"आजोबा," अनुष्का म्हणाली, "चिठ्ठीवर 'चालू' खोडू का?"

या वेळी परुळेकरसुद्धा हसले. दाखल्यांचा विषय कुणी काढला नाही.

सोमवारी सरांना मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. ठपक्याचं पत्र असणार म्हणून सर शर्टाचं वरचं बटण लावून गेले. खोलीत एक जोडपं बसलं होतं.

"हीच ना ती शाळा, आजी-आजोबांना बोलावणारी?" नवरा विचारत होता. "मेसेज आमच्या ऑफिसपर्यंत आला हो. आम्ही दोघं कामावर जातो, घरी आई एकटी कंटाळते. पोराचं नाव इथेच घालतो, म्हणजे आईचं पण येणंजाणं होईल."

त्या आठवड्यात अशी आणखी बारा नावं आली. पहिलीत बावीस मुलं झाली. हाराचा कार्यक्रमही थाटात झाला. परुळेकरांनी जिवंतपणी हार घालून घेण्याचे फायदे या विषयावर चाळीस मिनिटं भाषण केलं.

पुढच्या महिन्याच्या खबरबातीत ऑस्कर सरांनी कसलीच कसर ठेवली नाही. पालकसभेचं निमंत्रण त्यांनी चार वेळा तपासलं, सुझानला वाचायला दिलं, परुळेकरांकडून मंजूर करून घेतलं. एकही काना इकडचा तिकडे नव्हता. मेसेज गेला. ग्रुपवर एक अंगठा आला, तोही लतिकाताईंच्या सासूबाईंचा. पालकसभेला चार जण आले. त्यातला एक पाण्याच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आला होता.

सभा संपल्यावर मोठ्या बाईंनी रिकाम्या खुर्च्या मोजल्या. मग सरांजवळ येऊन, दार लोटून, हळू आवाजात म्हणाल्या, "सर, मजकूर अगदी शुद्ध होता हो."

"हो, बाई," सर अभिमानानं म्हणाले.

"तोच घोटाळा झाला. पुढच्या बुधवारी पुन्हा सभा ठेवूया. या वेळी बघा ना, कुठे काही... जमलं तर."

ऑस्कर सर दुपारभर फोन हातात घेऊन वर्गात बसले. वाक्यं उलटी केली, शब्द गाळले, ऱ्हस्वाचं दीर्घ केलं आणि कळवळून परत ऱ्हस्व केलं. शेवटी शाळा सुटायच्या घंटेला त्यांनी फोन खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. कितीही प्रयत्न केला तरी काही केल्या एक चूक म्हणून सुचत नव्हती.